तेल विकून टपालहशील भरणारी ग्राझिया

इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं मोठं बेट आहे. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे होड्या, जाळी, मासळी बाजार येतो. पण नुओरो हे गाव मात्र बेटाच्या पोटात, डोंगरावर. तिथली माणसं धनगर. मेंढ्या, दूध, चीज आणि लोकर यावर सगळा संसार. पुरुष महिनोन्महिने कळपामागे आणि घर बायकांच्या हाती. या गावात १८७१ च्या सप्टेंबरात ग्राझिया देलेद्दा जन्मली.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडिलांची शेती, ऑलिव्हच्या तेलाचा घाणा, घरात सात भावंडं. मुलींना शाळा जेमतेम चौथीपर्यंत. त्यानंतर एका मास्तरांनी घरी येऊन थोडंफार शिकवलं, तेवढंच. बाकी जे वाचलं ते हाताला लागेल तसं. त्यातून घरची बोली सार्डिनियन. पुस्तकातली इटालियन ही तिच्यासाठी शिकूनच घ्यायची भाषा. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलीने ग्रांथिक भाषेत कादंबरी लिहायला घ्यावी, तसंच काहीसं.

तिची खरी शाळा भरायची ती स्वयंपाकघरात. तिकडे ‘पाने कारासाऊ’ नावाची कागदासारखी पातळ रोटी करतात. आपल्याकडे पापडाला जशा शेजारणी जमतात, तशा या रोटीलाही जमायच्या. एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भट्टीपाशी बसायचं. रोटी फुग्यासारखी टम्म फुगली की तिची दोन पदरं सुरीने सोडवायची आणि पुन्हा भट्टीत घालून कुरकुरीत करायची. ती बरेच महिने टिकते, म्हणून धनगराच्या झोळीत हीच. आणि काम करता करता कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणावर सूड उगवला, कुठला दरोडेखोर डोंगरात लपलाय, सगळं बोलणं व्हायचं. छोटी ग्राझिया कान टवकारून ऐकायची!

घराघरांत हातमाग. मेंढीच्या लोकरीचं जाडंभरडं कापड, ‘ओर्बाचे’ म्हणतात त्याला, बायका घरीच विणायच्या. त्याचेच पुरुषांचे डगले, त्याचेच बायकांचे बारीक चुण्यांचे घागरे. सणाच्या पांढऱ्या सदऱ्याला सोन्याच्या तारकामाची बटणं. आणि ‘फिलिंदेऊ’ ही तर थेट शेवयांची बहीण. रव्याची कणीक हाताने ओढून ओढून केसासारखे धागे काढायचे, गोल ताटावर एकावर एक तीन थर आडवेतिडवे पसरायचे आणि उन्हात वाळवायचे. त्या मेंढीच्या मटणाच्या रश्श्यात शिजतात, सेंट फ्रान्सिसच्या जत्रेत. नुओरोपासून लांब, लूला गावाजवळ हे देऊळ आहे आणि मे महिन्यात लोक रात्रभर चालत तिथे जातात. दंतकथा अशी की, खोट्या आळातून सुटलेल्या एका दरोडेखोराने नवस फेडायला ते बांधलं. वारी काय ती फक्त आपल्याकडेच आहे असं नाही!

सतरा वर्षांच्या ग्राझियाने १८८८ मध्ये एक कथा लिहून रोमला पाठवली. कुठे? तर ‘उल्तिमा मोदा’ या फॅशनच्या नियतकालिकाकडे. कथा छापून आली आणि गावात गहजब झाला. पोरीने प्रेमाच्या गोष्टी लिहायच्या? तेही स्वतःच्या नावाने? गावाला वाटलं, हिने आपली अब्रू वेशीवर टांगली. आईला घोर लागला की आता हिला कोण पत्करणार. ग्राझियाने लिहिणं थांबवलं नाही. पुढे आपल्याच आयुष्यावर बेतलेल्या कादंबरीत तिने लिहिलंय की, हस्तलिखित टपालाने पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा घरच्या कोठारातलं तेल गुपचूप काढून विकलं.

१८९२ मध्ये वडील गेले. एक भाऊ दारूच्या नादी लागला, दुसरा चोरीच्या प्रकरणात अडकला. घाण्याचा हिशेब ग्राझियाकडे आला. घाण्यापाशी शेकोटीला बसलेले गरीब शेतकरी, गडीमाणसं आपापली दुःखं सांगायची. वहीच्या एका बाजूला तेलाचा हिशेब आणि मनात ही माणसं.

याच काळात तिला एक काम मिळालं. फ्लॉरेन्सचे आंजेलो दे गुबेरनातिस हे संस्कृतचे पंडित. १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानात फिरून गेलेले. ते इटलीतल्या लोकपरंपरांचं नियतकालिक काढत. त्यांच्यासाठी ग्राझियाने नुओरोचं सगळं टिपून काढलं. म्हणी, उखाणे, अंगाई, शिव्याशाप, तोडगे, लग्नाच्या आणि मयताच्या रीती, पेहराव, सणावाराचं जेवण. घरातल्या बायका जे सहज करत होत्या, ते लिहून ठेवण्याजोगं आहे हे विशी-बाविशीतल्या या मुलीला कळलं होतं. मला तिचं मोठेपण नोबेलपेक्षा इथे जास्त दिसतं.

पण गावात राहून गुदमरणं तिला मान्य नव्हतं. १८९९ मध्ये ती काल्यारी या राजधानीच्या शहरात पाहुणी म्हणून गेली. तिथे पाल्मिरो मादेसानी या सरकारी नोकराशी ओळख झाली आणि काही महिन्यांत, जानेवारी १९०० मध्ये, लग्न. मग रोम. दोन मुलगे, घर, स्वयंपाक आणि रोज दुपारी ठरलेला वेळ लिहिण्याचा. पुढे पाल्मिरोने नोकरी सोडून तिच्या लेखनाचा व्यवहार सांभाळला. बायकोच्या नावावर जगणारा नवरा म्हणून लोक हसले. पिरांदेल्लोसारख्या मोठ्या लेखकाने १९११ मध्ये यावरून अख्खी कादंबरीच लिहिली. पाल्मिरोने काम सोडलं नाही.

रोममध्ये बसून ती लिहीत राहिली ते नुओरोचंच. ‘एलियास पोर्तोलू’मध्ये ती सेंट फ्रान्सिसची जत्रा आहे, बायाबापड्या नऊ दिवस देवळाच्या ओवऱ्यांत राहतात, रांधतात, नाचतात, आणि तिथेच तुरुंगातून सुटून आलेला नायक भावाच्या होणाऱ्या बायकोत गुंततो. १९१३ च्या ‘कान्ने आल वेंतो’मध्ये पडत्या काळातल्या तीन बहिणी आणि त्यांचा म्हातारा गडी. यातही जत्रा आहेच. सण आला की तिच्या पुस्तकात कुणाचं तरी काहीतरी बिनसतं. घरोघरी तेच नाही का होत?

१९२६ चं साहित्याचं नोबेल तिला १९२७ मध्ये देण्यात आलं. सेल्मा लागरलॉफनंतर हा मान मिळवणारी ती दुसरी बाई. घरात बातमीदारांची गर्दी झाली तेव्हा तिचा पाळलेला कावळा घाबरून बाहेर उडाला, आणि त्याला गर्दी सोसत नाही म्हणून तिने सगळ्यांना वाटेला लावलं, असं सांगतात.

पुढे स्तनाचा कर्करोग झाला. त्या काळी या दुखण्याचं नावही कुणी घेत नसे. हिने १९३६ मध्ये त्याच आजाराने ग्रासलेल्या बाईवर कादंबरी छापली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला रोममध्ये ती गेली. स्वतःच्या बालपणावरची ‘कोझिमा’ अपुरी राहिली, ती मागाहून प्रसिद्ध झाली.

ज्या गावाने नावं ठेवली, त्याच गावात १९५९ मध्ये तिच्या अस्थी आणल्या गेल्या. ओर्तोबेने डोंगराच्या पायथ्याच्या छोट्या चर्चमध्ये ती विसावली आहे. तिच्या शेवटच्या कादंबरीचं नाव याच चर्चचं. तिच्या जन्मघराचं संग्रहालय झालंय, स्वयंपाकघरासकट. आणि ऑगस्ट संपता संपता डोंगरावरच्या येशूच्या पुतळ्याचा उत्सव असतो, तेव्हा बेटभरच्या गावांतल्या बायका आपापले घागरे, तारकामाची बटणं लावलेले सदरे घालून नुओरोच्या रस्त्यांवरून मिरवतात.