जॉन वेस्ली पॉवेल

जॉन वेस्ली पॉवेल (२४ मार्च, १८३४ – २३ सप्टेंबर, १९०२) हे अमेरिकन भूवैज्ञानिक, समन्वेषक, मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखक होते. १८६९ साली ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांमधून ग्रँड कॅन्यनपर्यंत आणि त्यापलीकडे गेलेल्या नौका-मोहिमेचे त्यांनी नेतृत्व केले. या प्रवासावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ अमेरिकेतील नद्या व भूरूपे यांविषयीच्या लेखनात महत्त्वाचा मानला जातो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात पाणी हीच शेतीची खरी मर्यादा आहे, हा विचार त्यांनी १८७८ च्या अहवालात मांडला. ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे दुसरे संचालक होते.

बालपण आणि शिक्षण

पॉवेल यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. त्यांचे आईवडील इंग्लंडमधून अमेरिकेत स्थायिक झाले होते. वडील जोसेफ पॉवेल हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व गुलामगिरीचे विरोधक होते. पुढे हे कुटुंब ओहायो, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांत राहिले. ओहायोतील जॅक्सन येथे जॉर्ज क्रुकहॅम या स्वयंशिक्षित निसर्गअभ्यासकाकडून त्यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली.

पॉवेल यांनी इलिनॉय कॉलेज, व्हीटन येथील इलिनॉय इन्स्टिट्यूट आणि ओबर्लिन कॉलेज या तीन संस्थांत शिक्षण घेतले; मात्र पदवी कोठेही पूर्ण केली नाही. शाळेत शिकवून ते उदरनिर्वाह करीत आणि सुट्टीत नद्यांतून भटकंती करून शंखशिंपले, वनस्पती व खडकांचे नमुने गोळा करीत. १८५६ मध्ये त्यांनी मिसिसिपी नदीतून थेट समुद्रापर्यंत वल्हवत प्रवास केला. पुढील दोन वर्षांत ओहायो आणि इलिनॉय या नद्याही त्यांनी अशाच पालथ्या घातल्या.

यादवी युद्ध

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच पॉवेल उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांचा एमा डीन यांच्याशी विवाह झाला. ६ एप्रिल, १८६२ रोजी शायलोच्या लढाईत तोफखान्याचे नेतृत्व करीत असताना त्यांच्या उजव्या हाताला गोळी लागली व तो हात कोपराजवळून कापावा लागला. या जखमेच्या वेदना त्यांना आयुष्यभर सोसाव्या लागल्या. तरीही ते पुन्हा सैन्यात रुजू झाले आणि व्हिक्सबर्गच्या वेढ्यात सहभागी झाले. युद्धानंतर ते मेजर पॉवेल याच नावाने ओळखले जात.

१८६५ मध्ये ते ब्लूमिंग्टन येथील इलिनॉय वेस्लियन विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८६७ पासून ते विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात अभ्यासदौरे काढू लागले. १८६८ मध्ये त्यांच्यासह काही जणांनी लाँग्स पीक हे शिखर सर केले. या शिखरावरील ही पहिली नोंदलेली चढाई होय.

कोलोरॅडो नदीवरील मोहिमा

त्या काळी कोलोरॅडो नदीच्या खोल घळयांचा मोठा भाग नकाशावर कोराच होता. २४ मे, १८६९ रोजी पॉवेल आणि त्यांचे नऊ साथीदार चार होड्या व दहा महिने पुरेल एवढी शिधासामग्री घेऊन वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशन येथून निघाले. आघाडीच्या होडीला पॉवेल यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले होते. एका हाताने वल्हवणे शक्य नसल्याने ते होडीवरून पुढील प्रवाहाचे निरीक्षण करीत आणि किनाऱ्यावरील कडे चढून खडकांचे थर व उंची यांच्या नोंदी घेत.

जूनमध्ये लोडोर घळईतील द्रुतवाहात एक होडी खडकांवर आपटून फुटली. माणसे बचावली आणि उंची मोजण्याचे वायुभारमापकही नंतर हाती लागले. परंतु धान्याचा मोठा साठा वाहून गेला. जुलैमध्ये फ्रँक गुडमन यांनी मोहीम सोडली. ऑगस्टच्या मध्यास उरलेले नऊ जण ग्रँड कॅन्यनमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्याकडे बुरसटलेले पीठ, वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी याखेरीज फारसे काही उरले नव्हते. दरम्यान मोहिमेतील बहुतेक सर्व जण बुडाल्याची खोटी बातमीही वृत्तपत्रांतून पसरली होती.

२८ ऑगस्ट रोजी एका भयंकर द्रुतवाहासमोर ओरॅमेल हाउलँड, सेनेका हाउलँड आणि विल्यम डन यांनी नदीने पुढे जाण्यास नकार दिला. ते तिघे घळई चढून मॉर्मन वसाहतींच्या दिशेने निघाले आणि वाटेत मारले गेले. उरलेले सहा जण तो द्रुतवाह पार करून दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, व्हर्जिन नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचले. सुमारे १,६०० किलोमीटरचा हा प्रवास तीन महिन्यांहून थोड्या अधिक काळात पूर्ण झाला. पुढच्या वर्षी पॉवेल यांनी शिव्हविट्स लोकांची भेट घेतली व त्यांनीच गैरसमजातून या तिघांना मारल्याचा वृत्तान्त स्वीकारला. काही अभ्यासकांनी पुढे या वृत्तान्ताविषयी शंका घेतल्या असून हे प्रकरण निर्णायकपणे उलगडलेले नाही.

पहिल्या मोहिमेतील बऱ्याच वैज्ञानिक नोंदी हरवल्यामुळे पॉवेल यांनी १८७१-७२ मध्ये दुसरी मोहीम काढली. या वेळी अमेरिकन काँग्रेसने निधी दिला होता. त्यांचे मेव्हणे आल्मन थॉम्प्सन यांनी नकाशांचे काम सांभाळले. ई. ओ. बीमन व जॅक हिलर्स यांनी काढलेल्या छायाचित्रांमुळे या घळयांचे रूप पूर्वेकडील वाचकांना प्रथमच पाहता आले.

प्रवासग्रंथ

१८७५ मध्ये पॉवेल यांचा कोलोरॅडो नदीच्या समन्वेषणाविषयीचा ग्रंथ सरकारी अहवाल म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची विस्तारित आवृत्ती 'कॅन्यन्स ऑफ द कोलोरॅडो' या नावाने १८९५ मध्ये निघाली. दैनंदिनीच्या स्वरूपातील प्रवासवर्णन आणि भूवैज्ञानिक विवेचन यांचा मेळ हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

ग्रीन नदी युइंटा पर्वताला वळसा न घालता त्याच्या आरपार का जाते, या प्रश्नाचे पॉवेल यांनी दिलेले उत्तर भूरूपशास्त्रात गाजले. त्यांच्या मते नदी पर्वताहून जुनी होती. जमीन सावकाश वर उचलली जात असताना नदी त्याच वेगाने तिला कापत राहिली. करवत जागेवर फिरत राहावी आणि ओंडका तिच्याकडे सरकवावा, तसे हे घडले. युइंटा पर्वताच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पुढे मागे पडले, परंतु पूर्ववर्ती नदीची ही संकल्पना टिकून राहिली. नदी ज्या पातळीच्या खाली आपले पात्र खोदू शकत नाही, त्या आधारपातळीची कल्पनाही त्यांनीच मांडली.

या ग्रंथावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या मोहिमेतील काही घटना पॉवेल यांनी १८६९ च्याच प्रवासात घडल्याप्रमाणे सांगितल्या आणि दुसऱ्या मोहिमेतील साथीदारांचा उल्लेख टाळला. त्यामुळे हा ग्रंथ वाचनीय असला, तरी घटनाक्रमासाठी इतिहासकार मोहिमेतील इतरांच्या दैनंदिन्यांचाही आधार घेतात.

शुष्क प्रदेशाचा अहवाल

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार शेतकरी कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. नांगर फिरला की पाऊसही मागोमाग येतो, अशी समजूत त्या काळी पश्चिमेत पसरली होती आणि जमिनीच्या व्यवहारातील लोक तिला खतपाणी घालीत. पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात ती नाकारली. साधारणपणे १०० पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वर्षाला २० इंचांपेक्षा (सुमारे ५० सेंटिमीटर) कमी पाऊस पडतो व तेथे सिंचनाशिवाय शेती भरवशाची नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिंचित शेतासाठी ८० एकर पुरेसे आहेत, तर गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला २,५६० एकर लागतील, असे त्यांनी सुचवले. जमिनीचा हक्क व पाण्याचा हक्क वेगळे करू नयेत आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सिंचनाची व्यवस्था पाहावी, असाही त्यांचा आग्रह होता. पाणलोट क्षेत्रांनुसार प्रशासकीय विभाग आखण्याची कल्पना त्यांनी पुढे विस्ताराने मांडली.

प्रशासकीय कार्य

१८७९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेअंतर्गत मूळ अमेरिकन लोकांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या विभागाचे ते संचालक झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. १८९१ मध्ये त्यांनी मेक्सिकोच्या उत्तरेकडील मूळ अमेरिकन भाषांचे ५८ कुलांत वर्गीकरण प्रसिद्ध केले. मात्र मानवसमाज रानटी अवस्थेतून नागर अवस्थेकडे ठरावीक पायऱ्यांनी जातो, ही त्यांची धारणा नंतरच्या मानववंशशास्त्राने त्याज्य ठरवली. वणवे कमी करण्यासाठी मूळ रहिवाशांना त्या भूमीतून हलवावे, या त्यांच्या मतावरही आज टीका होते.

१८८१ ते १८९४ या काळात ते भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १८८८ मध्ये काँग्रेसने सिंचन सर्वेक्षणाला मंजुरी दिली. मात्र हे सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत सरकारी जमिनींचे वाटप थांबल्यामुळे पश्चिमेकडील राजकारणी संतापले. नेव्हाडाचे सिनेटर विल्यम स्ट्यूअर्ट हे त्यांचे प्रमुख विरोधक होते. १८९० मध्ये सर्वेक्षणाचा निधी बंद करण्यात आला. १८९३ मध्ये लॉस एंजेलस येथील सिंचन परिषदेत, उपलब्ध जमिनीला पुरेल इतके पाणी पश्चिमेत नाही, असे पॉवेल यांनी सांगितले तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला.

मृत्यू आणि वारसा

२३ सप्टेंबर, १९०२ रोजी मेन राज्यातील हेवन येथे पॉवेल यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसने संघराज्य सरकारच्या खर्चाने सिंचन प्रकल्प उभारण्याचा कायदा संमत केला होता.

१९३० च्या दशकात मध्य मैदानांत दुष्काळ व धुळीच्या वादळांनी हाहाकार माजवल्यानंतर त्यांच्या इशाऱ्यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. वॉलेस स्टेग्नर यांनी १९५४ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांचे कार्य सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. ग्लेन कॅन्यन धरणाचा जलाशय १९६३ पासून भरू लागला. त्याला पॉवेल यांचे नाव देण्यात आले. त्यांनी वर्णिलेल्या ग्लेन कॅन्यनचा बराचसा भाग याच जलाशयाखाली गेला. कोलोरॅडोच्या पाण्याचे राज्यांमधील वाटप १९२२ च्या करारावर आधारलेले आहे. या करारात नदीचा प्रवाह प्रत्यक्षाहून अधिक गृहीत धरला गेला होता. दीर्घ दुष्काळामुळे एकविसाव्या शतकात पॉवेल जलाशयाची पातळी मोठ्या प्रमाणावर घटली असून, पश्चिमेतील पाण्याच्या मर्यादेचा पॉवेल यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही.