बोटीवर मांडलेले गणित

भाताची सोंगणी उरकली की घोटी-इगतपुरीकडचे आकाश निवळते. संध्याकाळी उत्तरेला पाच ताऱ्यांचा वेडावाकडा ‘एम’ दिसतो, ती शर्मिष्ठा. तिच्या दिशेला, सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवर, एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. तारा असा फुटतो कशामुळे, हे उलगडण्यात मोठा वाटा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा.

जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा, शिक्षण मद्रासला. सी. व्ही. रामन हे सख्खे काका. जुलै १९३० च्या अखेरीस हा एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीने केंब्रिजला निघाला. आई आजारी होती, तरी त्याने जावे हा तिचाच आग्रह. पुढच्याच वर्षी ती गेली.

बोटीवर त्याने गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकसतो, तेव्हा आतल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरतो. पण वस्तुमान जास्त असेल तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात आणि हा टेकू अपुरा पडतो. पुढे ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडले. लगेच उठून आर्थर एडिंग्टन यांनी त्याची खिल्ली उडवली, सभा हसली. खासगीत चंद्रशेखर यांना बरोबर म्हणणारे मोठे शास्त्रज्ञ जाहीरपणे गप्प राहिले. थट्टेपेक्षा हे मौनच जास्त बोचणारे, असे आम्हाला वाटते. चंद्रशेखर यांनी मात्र एडिंग्टनशी स्नेह तोडला नाही. १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या विषयांकडे वळले. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, त्या सभेनंतर ४८ वर्षांनी.

जड ताऱ्याच्या पोटातला लोखंडी गाभा ही मर्यादा ओलांडतो तेव्हा क्षणार्धात कोसळतो. बाहेरचे थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उधळतात. भोवतालचा वायू त्या लाटेत लोटला जातो, दाबला जातो आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो.

२१ ऑगस्ट १९९५ रोजी चंद्रशेखर यांचे निधन झाले. चार वर्षांनी नासाने सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला ‘चंद्रा’ हे त्यांचे नाव मिळाले. तिने प्रसिद्ध केलेले पहिले चित्र शर्मिष्ठेतल्या त्याच अवशेषांचे होते: तापलेल्या वायूचे कडे आणि मधोमध एक बारीक ठिपका, कोसळून उरलेला गाभा.