तुरुंगाचे दार आणि चार्ल्स डिकन्स

वाचकहो, आपल्या बेटावर शाळा शिकलेल्या पुष्कळांनी चार्ल्स डिकन्स यांचे 'ऑलिव्हर ट्विस्ट' वाचले असेल. पण तुरुंगाच्या दाराशी या थोर लेखकाचे नाते बालपणीच जडले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ती हकीकत आज आम्ही सांगत आहोत.

डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाला. वडील नोकरदार, मनाने प्रेमळ, पण खर्चाला आवर नाही. १८२४ साली कर्ज फिटेना म्हणून त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकले. आई व धाकटी भावंडे तेथेच राहावयास गेली; कर्जदाराच्या कुटुंबाला त्या काळी तशी मुभा होती. बारा वर्षांचा चार्ल्स मात्र बाहेर राहून बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर राबत होता. पुढे तुरुंगाजवळच खोली मिळाली, तेव्हा सकाळ-संध्याकाळचे जेवण तो आईवडिलांबरोबर आत जाऊन करी. रात्री फाटक बंद होण्याआधी पुन्हा बाहेर, एकटा! काही महिन्यांनी वडील सुटले. पण हे दुःख डिकन्स यांनी जन्मभर मनातच ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर मित्र फॉर्स्टर यांनी चरित्र लिहिले, तेव्हा कुठे ते जगाला कळले.

१८४२ साली डिकन्स अमेरिकेला गेले. फिलाडेल्फिया शहरात १८२९ साली सुरू झालेला एक मोठा तुरुंग होता. एकांतात माणसाला पश्चात्ताप होतो आणि तो सुधारतो, असा तेथील चालकांचा प्रामाणिक विश्वास होता. कैद्याला तोंडावर बुरखा घालून आत आणीत. कोठडीला दोन दारे, एक जाड लाकडाचे आणि दुसरे लोखंडी गजांचे. गजांच्या दारात एक लहानशी झडप होती. तीतून जेवण आत येई, पण घरची खबर कधी येत नसे. बायकामुलांचे पत्रही नाही.

डिकन्स कोठडीकोठडीत जाऊन कैद्यांशी बोलले. एका जर्मन कैद्याने सुतातून रंग काढून सगळ्या भिंती रंगविल्या होत्या, पण त्याचे मन पार खचले होते. मार्शलसीत निदान कुटुंब एका ताटाभोवती बसत होते. येथे नुसते ताट होते. त्याच वर्षी प्रवासाच्या पुस्तकात डिकन्स यांनी या पद्धतीचा कडक निषेध केला. चालकांचा हेतू चांगला, पण आपण माणसाला केवढी यातना देतो हे त्यांना कळत नाही, असे त्यांचे मत झाले.

९ जून १८७० रोजी डिकन्स वारले. फिलाडेल्फियाची ती पद्धत १९१३ साली रीतसर बंद झाली, तुरुंगही १९७१ साली बंद पडला. आज तेथे संग्रहालय आहे आणि ती दारे लोक पाहावयास जातात.

आम्हांला यातून एवढेच सांगावयाचे आहे. घरातल्या वृद्धाला वेळेवर ताट दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानू नका. घटकाभर जवळ बसून दोन शब्द बोला.