विश्लेषण : १७९ बळी घेणारे बाळू पालवणकर कर्णधार का होऊ शकले नाहीत?

भारताने पहिला कसोटी सामना १९३२मध्ये खेळला, रणजी करंडक १९३४मध्ये सुरू झाला. त्याआधीच देशाला एक मोठा डावखुरा गोलंदाज मिळाला होता. बाळू पालवणकर यांनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले, तेही अवघ्या १५.२१च्या सरासरीने. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

क्रिकेटची सुरुवात कशी झाली?

बाळूंचा जन्म १८७६मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. पुण्यातील पारशी क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर लागले. तेथे जाळी लावता लावता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नावाजलेले फलंदाज. बाद केले की ते बाळूंना आठ आणे देत, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळत नसे.

गोलंदाजीचे वैशिष्ट्य काय होते?

बाळूंची गोलंदाजी संथ, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची आणि वेग बदलत राहण्याची कला त्यांच्याकडे होती. टप्प्यावरील नियंत्रण ही मोठी ताकद. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गरज होती, त्यामुळे मोठ्या वादानंतर त्यांना संघात घेतले गेले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई.

मोठे यश कोणते?

पुण्यातील प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच राहिली, पण बाळूंनी दौऱ्यात शंभरहून अधिक बळी मिळवले. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांसह अनेकांना ते अभिमानाचे स्थान वाटत.

कर्णधारपदाचा वाद काय होता?

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही दरवर्षी कर्णधारपद उच्चवर्णीय खेळाडूकडेच जाई. १९२०मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि त्यांच्या भावांचाही कर्णधारपदासाठी विचार झाला नाही. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर निषेध करत माघार घेतली. त्यावर लोकांमध्ये बरीच चर्चा झाली. अखेर अंतिम सामन्यासाठी तिघांनाही परत बोलावण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर असताना काही काळ त्यांनी संघ सांभाळला. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच.

पुढे काय झाले?

१९२३मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाला जे नाकारले गेले, ते धाकट्याला मिळाले. बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज त्यांची आठवण कशासाठी?

भारताला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. पण खेळपट्टीवर रोलर फिरवणारा मुलगा त्याच खेळपट्टीवर साहेबांना बाद करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. चेंडूने त्यांना संघात जागा मिळवून दिली. पंगतीतली जागा आणि कर्णधारपद मिळवण्यासाठी मात्र बळी पुरेसे पडले नाहीत.