भारतीय सागरविज्ञानाचे शिल्पकार डॉ. पणिक्कर

सूर्याचा एक किरणही जेथे पोहोचत नाही, अशा सागरतळावर कढत पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्या अवतीभवती समृद्ध जीवसृष्टी नांदते आहे, याचा शोध १९७७ च्या फेब्रुवारीत लागला. त्याच वर्षी भारतीय सागरविज्ञानाचे शिल्पकार डॉ. एन. के. पणिक्कर यांचे निधन झाले. हिंदी महासागरातील अशा झऱ्यांपर्यंत आज भारतीय शास्त्रज्ञ पोहोचले आहेत. त्या वाटचालीचा आरंभ मात्र पणिक्कर यांच्या कार्यात आहे.

१९१३ मध्ये केरळात जन्मलेले पणिक्कर मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ते कोळंबीवर संशोधन करीत होते. खाडीतील पाण्याचा खारटपणा भरती-ओहोटीबरोबर सतत बदलत असतो. तरीही कोळंबी तेथे तग धरते ती कशी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. बाहेरचे पाणी अधिक खारे असो वा कमी, कोळंबी आपल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण बऱ्याच अंशी स्थिर राखते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

मायदेशी परतल्यावर त्यांच्यावर एकामागून एक जबाबदाऱ्या येत गेल्या. १९५० च्या दशकात तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्राचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे ते केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार झाले. मात्र त्यांच्या कर्तृत्वाला खरा वाव मिळाला तो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत.

जगातील मोठ्या महासागरांपैकी हिंदी महासागराविषयी तेव्हा सर्वांत कमी माहिती होती. ही उणीव भरून काढण्यासाठी डझनाहून अधिक देशांची चाळीसहून अधिक जहाजे १९६५ पर्यंत या सागरात फिरली. भारताच्या सहभागाची सूत्रे पणिक्कर यांच्याकडे होती. देशाजवळ खोल समुद्रातील संशोधनासाठी बांधलेले स्वतंत्र जहाज नव्हते, म्हणून नौदलाच्या 'किस्तना' या युद्धनौकेवर उपकरणे चढविण्यात आली. सर्व देशांच्या जहाजांनी एकाच पद्धतीच्या जाळ्याने गोळा केलेले सूक्ष्म सागरी प्राण्यांचे नमुने कोची येथील केंद्रात आणून वेगळे करण्यात आले. हे काम वेळखाऊ आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते, पण या महासागरात कोठे कोणते जीव राहतात याचा पहिला पद्धतशीर हिशेब त्यातूनच तयार झाला.

याच मोहिमेच्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. हिंदी महासागराकडे ये-जा करणाऱ्या जहाजांना तांबड्या समुद्रात, सुमारे दोन हजार मीटर खोलीवर, अतिखारट आणि गरम पाण्याची डबकी आढळली. १९६५ मध्ये तेथील तापमान ५६ अंश सेल्सिअस नोंदले गेले. तळाचा गाळ धातूंनी भरलेला होता. सागरतळातून उष्णता आणि खनिजे वर येत असल्याचा हा ठळक संकेत होता.

मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. पोर्तुगीज राजवटीतून १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यात पुढे संस्थेचे मुख्यालय आले आणि दोनापावला हे नाव जगाच्या सागरविज्ञानात परिचित झाले. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९८१ मध्ये याच संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने समुद्राच्या तळावरून बहुधात्विक गोळे वर आणले, ते पाहण्यास मात्र पणिक्कर हयात नव्हते.

१९७७ मध्ये प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर सापडलेले झरे म्हणजे जणू समुद्राच्या पोटातील 'उन्हाळे'. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांना हाच शब्द आहे. सागरतळाच्या भेगांतून आत शिरलेले पाणी तप्त खडकांमुळे तापते आणि धातू व गंधकाची संयुगे घेऊन उसळते. काही ठिकाणी त्याचे तापमान साडेतीनशे अंशांच्या पुढे जाते, तरी वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. तेथील जीवाणू सूर्यप्रकाशाऐवजी हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा मिळवतात. त्यांच्याच आधारावर शिंपले, कृमी आणि कोळंब्या जगतात.

हे झरे जेथे आढळतात, त्या सागरी पर्वतरांगांचे नाते महाराष्ट्राच्या भूमीशीही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कळसूबाईचा काळा कातळ बेसाल्टचा, तसाच अरबी समुद्राच्या तळाशी असलेली कार्ल्सबर्ग रांगही बेसाल्टची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचले. त्यानंतर सेशल्स बेटांचा भूभाग भारतापासून दूर गेला आणि मधल्या भेगेतून ही रांग घडत गेली.

हिंदी महासागरातील पहिले झरे २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पाहिले. तेथे कोळंब्यांचे थवेच्या थवे होते. भारतीय यंत्राने अशा झऱ्याचे छायाचित्र टिपले ते डिसेंबर २०२४ मध्ये, सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवर. या मोहिमेत गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचा वाटा होता.

आता प्रश्न आहे तो या झऱ्यांच्या भवितव्याचा. त्यांच्याभोवती तांबे, जस्त, सोने यांची संयुगे साचतात. त्यांच्या शोधाचे हक्क भारताला २०१६ मध्ये मिळाले आणि २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठीही करार झाला. दुसरीकडे, येथील लोखंडी खवल्यांची गोगलगाय खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली. एका झऱ्याभोवतीचे जीव नष्ट झाले, तर ते अन्यत्र आढळतीलच याची शाश्वती नाही.

देशाला धातूंची गरज आहे, हे खरे. पण पणिक्कर यांच्या पिढीने हिंदी महासागराची ओळख करून घेतली ती आधी त्यातील जीवांची मोजदाद करून. सागरतळावर यंत्रे उतरविण्यापूर्वी तेवढी मोजदाद पूर्ण व्हावी, हेच त्यांचे उचित स्मरण ठरेल.