समर्थांचा देशविलाप

यिर्मया नामक यहुदी द्रष्ट्याने आपल्या देशाच्या नाशाचा शोक केला. तसाच द्रष्टा आपल्याकडे इ. स. १६०८ मध्ये जांब गावी जन्मला. रामदासांनी टाकळीस बारा वर्षे तप व पुढे बारा वर्षे देशाटन केले, अशी परंपरा आहे. उजाड गावे, अन्नावाचून परागंदा झालेली कुटुंबे त्यांनी काव्यांत मांडिली. अस्मानीबरोबर सुलतानीसही त्यांनी दोषी धरिले, हे आम्हांस विशेष वाटते. सारे दैवावर ढकलले म्हणजे राज्यकर्ते सुटलेच! १९४७ त सिंध सोडून कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या व्यापारी घराण्यांस हा विलाप परका वाटू नये. समर्थ मात्र रडत बसले नाहीत. १६४८ त त्यांनी चाफळास राममंदिर उभारिले, गावोगाव मारुती स्थापिले, मठ वसविले. १६८२ त सज्जनगडावर त्यांनी देह ठेविला.