ताराबाई मोडक : मुलाची अडचण आधी ओळखणाऱ्या शिक्षिका

घरात एखादे मूल वांड निघाले की आपल्याकडे दोनच उपाय ठरलेले असतात : पाठीत धपाटा किंवा खाऊचे आमिष. हे दोन्ही उपाय बाजूला ठेवून मूल असे का वागते, याचा शोध घ्यायला महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले, त्या ताराबाई मोडक यांची ही ओळख.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या काळात एकटीने उभे राहणे सोपे नव्हते. राजकोटच्या बार्टन महिला ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर त्यांनी पाहिले आणि चांगली नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या तिथे दाखल झाल्या.

मॅडम माँटेसरींचे विचार या दोघांनी आपल्या मातीत रुजवले. शिक्षा नको, भीती नको, बक्षिसाची लालूचही नको, हा त्यांचा आग्रह होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिके’तून ताराबाईंनी हे विचार मराठी पालकांपर्यंत पोहोचवले.

खरी कसोटी लागली ती १९४५ नंतर, बोर्डीला. तिथे बालवाडी काढली, पण आदिवासी मुले येईनात. मुले उनाड आहेत, आईबाप बेफिकीर आहेत, असे म्हणून हात झटकता आले असते. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तसे केले नाही. त्या पाड्यावर गेल्या. मुलांना अंघोळ घातली, त्यांच्याशी खेळल्या आणि घराच्या अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मोठी मुले शाळेत का टिकत नाहीत, हे तिथे उलगडले. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाला गुरे राखायची असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. घरची गरज भागली आणि मुलाचे शिक्षणही सुरू राहिले. दोघांपैकी कुणालाच हरावे लागले नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी ते काम पुढे चालवले.

आपल्या बेळगाव-निपाणी भागातही हे लागू पडते. आई दिवसभर विड्या वळते आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, अशा घरातली मुलगी शाळेत चिडचिड करत असेल, तर तिला रागावून काय साधणार? घरी मराठी आणि शाळेत दुसरीच भाषा ऐकणारे मूल अभ्यासाला बसताना आकांत करत असेल, तर तो हट्टच असेल असे नाही. आपण शांतपणे त्याच्याजवळ बसावे, काय अडते ते विचारावे, आपली अडचणही त्याला सांगावी आणि दोघांना झेपेल अशी वाट मिळून काढावी. पहिली वाट चुकली तर दुसरी शोधावी. याला वेळ लागतो, पण मूल आपल्यापासून तुटत नाही.

ताराबाईंच्या स्मृतीला हेच खरे अभिवादन ठरेल.